कॅमेरे आहेत, धरणारे हात हवेत : विद्यार्थी दूरचित्रवाणी केंद्राचे आवाहन

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि केंद्राच्या माजी सभासदांनो,

सप्रेम नमस्कार.

आतल्या खोलीत एडिट चालू आहे, ते अर्धवट टाकून हे लिहायला बसले आहे, तेव्हा चूकभूल पोटात घाला. मुद्दा एकच आहे. शेवटच्या वर्षाची तुकडी परीक्षा झाली की बाहेर पडेल आणि केंद्रात आम्ही चौघं उरू. मी धरून चौघं.

केंद्र कसं उभं राहिलं हे जुन्यांना पाठ आहे, पण नव्यांनी एकदा ऐकावंच. ग्रंथपालबाईंनी तळघरातल्या रद्दीच्या खोलीची किल्ली हातात ठेवली नसती, तर आज स्टुडिओ नसता. खोलीत आवाज घुमायचा, म्हणून वसतिगृहातल्या बाद गाद्या भिंतींना टांगल्या. त्या अजून तिथेच आहेत, वर फक्त काळा पडदा आला. वायरमन मामांनी सुट्टीच्या दिवशी येऊन वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून दिलं, तेव्हा कुठे रेकॉर्डिंगमधली ती घुंऽऽ गेली. निवृत्त होताना सरांनी स्वतःचा कॅमेरा केंद्राला दिला, आणि "कपाटात ठेवू नका, वापरून मोडा" असं बजावलं. आम्ही शब्द पाळला. स्विचर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणारं यंत्र) आला तो आपल्याच एका माजी निवेदिकेच्या पहिल्या पगारातून. तिने नाव छापायला मनाई केली आहे, पण स्विचरला सगळे तिच्याच नावाने हाक मारतात, त्याला माझा इलाज नाही.

पहिला टेलिप्रॉम्प्टर (निवेदकाला कॅमेऱ्याकडे बघत मजकूर वाचता यावा म्हणून लावतात तो) आम्हीच बनवला होता : जुन्या तसबिरीची काच, खाली आडवा टॅबलेट. काचेत अक्षरं उलटी दिसतात, म्हणून मजकूर आधीच उलटा करून ठेवावा लागतो, हे पहिल्या दिवशी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. निवेदिकेने पाहुण्यांची अख्खी ओळख मनानेच करून दिली. तो भाग आजही सगळ्यात जास्त पाहिला जातो.

हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं नाही, असं म्हणणारे भेटतात. ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९६४ साली आपलं केंद्र सुरू केलं, यॉर्कच्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली. तेव्हाचे कॅमेरे उचलायलाच दोघं लागत असतील. आज तुमच्या खिशातला फोन त्यांच्याहून चांगलं चित्र देतो.

अडचण माणसांचीच आहे. तीन कॅमेऱ्यांचा थेट कार्यक्रम म्हणजे कॅमेऱ्यांवर तिघं, आवाजावर एक, स्विचरवर एक, पडद्यावर नावं दाखवणाऱ्या पाट्यांवर एक, प्रॉम्प्टरवर एक, फ्लोअरवर क्यू, म्हणजे इशारे, द्यायला एक आणि दिग्दर्शक : नऊ जण, निवेदक वेगळा. निवडणुकीतली उमेदवारांची चर्चा आपण अशीच थेट दाखवली, एकदाही चित्र तुटलं नाही. वार्षिक समारंभाला मात्र पाचच जण होतो. कॅमेऱ्यावरची मुलगीच आवाज सांभाळत होती. कॅमेरा पिवळ्या दिव्यांच्या सेटिंगवर, ३२०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप) राहिला आणि कार्यक्रम भर उन्हात, जिथे ५६०० च्या आसपास हवं. पाहुणे निळे आले. त्यावरचे विनोद आठवडाभर फिरले, आम्हीही हसलो. पण ती मुलगी एकटी दोन कामं का करत होती, हे कुणीही विचारलं नाही.

मागच्या आवाहनाला वहीभर नावं आली होती. प्रत्यक्ष आले तिघे, त्यातला एक स्टुडिओत फोटो काढून गेला. "आमच्या विभागाचा कार्यक्रम का नाही घेतला?" असं विचारणाऱ्यांची मात्र रांग असते. अहो, घ्यायला माणूस द्या, उद्या घेऊ. रागावून लिहीत नाही. थोडं लागतं, इतकंच.

आणि सगळ्यांनी पडद्यावरच यायला हवं असं मुळीच नाही. लाजाळू मुलं आवाजावर उत्तम काम करतात, कारण त्यांना ऐकायची सवय असते. अर्ध्या तासाच्या मुलाखतीचं तीन कॅमेऱ्यांचं फुटेज दीड तासाचं होतं. ते शांतपणे बघून नेमकं वाक्य शोधणारा माणूस आम्हाला निवेदकापेक्षा जास्त हवा आहे. केबल नीट गुंडाळता येणं ही इथली पहिली परीक्षा. भाषेचे, हिशेबाचे, सुतारकामाचे, कुठल्याही शाखेचे या. काही येत नसेल तरी या, चौघांनाही काही येत नव्हतं.

तपशील : शनिवारी शेवटचा तास सुटल्यावर तळघरात ओळखवर्ग, आठवड्याला दोन तास पुरेत, परीक्षेच्या काळात सुट्टी, पहिले तीन कार्यक्रम फक्त सोबत बसायचं, मग कॅमेरा हातात. माजी सभासदांनी : चालू स्थितीतला ट्रायपॉड, हेडफोन, मेमरी कार्डं, कॉलर माइक (एक कायमचा बिघडला आहे), किंवा एखादा रविवार शिकवायला. रोख देणगी केंद्राच्या खात्यातच, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. नावं ग्रंथालयाच्या दारातल्या वहीत लिहावीत, आणि लिहिली तर यावं.

आपली,
चिटणीस, विद्यार्थी दूरचित्रवाणी केंद्र

ता. क. : समारंभाच्या दिवशी स्टेजमागून लांब एक्स्टेन्शन बोर्ड कुणीतरी नेला आहे. ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवून जावा. कुणाला काही विचारणार नाही.