तुळईला बाक दिसला की आधी बाहेर पड

काह्नवाके मोहॉक वस्ती, कॅनडा, मार्च 1917

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. दोन ओळींवर अधिकाऱ्याने काळी शाई फिरवली आहे, बाकीचं वाचता आलं. इंग्लंडला पोचल्यावर 114 वी बटालियन मोडली म्हणून तू चिडला आहेस. टोमाहॉकचा बिल्ला, ग्रँड रिव्हरच्या बायकांनी भरतकाम करून दिलेला झेंडा, सगळी आपली पोरं एकत्र, याचसाठी तर तू नाव घातलं होतंस. तुझ्या आईला मात्र ते ऐकून बरं वाटलं. ती बोलली नाही, पण त्या रात्री नीट जेवली.

आणि आता तू लिहितोस की 107 व्या पायोनियर बटालियनमध्ये तू, मावशीचा मुलगा आणि पलीकडच्या घरचे दोघे पुन्हा एकाच टोळीत आहात. तेव्हापासून मला झोप नाही.

लढाईतलं मला काही कळत नाही. पण पायोनियरचं काम म्हणजे रस्ते, रूळ, खंदक, जमिनीखालच्या खोल्या, आणि टेकू-तुळई मला कळते. टेकू नुसत्या मातीवर उभा करू नकोस. चिखलात तो रातोरात खचतो आणि तुळई मोकळी होते. खाली जाड फळी आडवी टाक, तिच्यावर टेकू, वर तुळईखाली समोरासमोर दोन पाचरी. दोन्ही सारख्या ठोक, एकच ठोकत राहिलास तर टेकू ओळंब्यातून जातो. ओलं लाकूड वाळलं की आक्रसतं आणि पाचर ढिली पडते, म्हणून रोज सकाळी हातोडीने वाजवून बघ. घट्ट पाचर टणटणीत वाजते, ढिली बद्द वाजते. भिंतीच्या फळ्यांमागे पोकळी राहू देऊ नकोस, माती ठासून भर. पोकळीत सुटलेली माती धक्क्याने येते आणि चांगला टेकूही उडवते.

तुळईला बाक आलाय असं वाटलं तर डोळ्यावर विसंबू नकोस. दोन्ही टोकांना दोरी ताणून लाव आणि मधलं अंतर मोज. संध्याकाळी परत मोज. वाढलं असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढ, मग साहेबाला सांग. लाकूड मोडण्याआधी करकरतं, पोलाद तेवढीही सवड देत नाही.

बांधतानाच कोसळलेल्या क्वेबेकच्या पुलाचं तुला नव्याने काय सांगायचं? पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन खांबांमधला गाळा 1600 फुटांवरून 1800 केला आणि वजनाचा हिशेब जुनाच ठेवला. खालच्या तुळईचे चार पत्रे बांधणारी जाळी त्या भाराला पुरी पडणारी नव्हती. पाऊण इंचाचा बाक थोड्याच दिवसांत सव्वादोन इंच झाला. तो मोजला, त्यावर वाद घातला, तुळई कारखान्यातूनच वाकडी आली असेल असंही म्हणून झालं. सल्लागार इंजिनिअरला विचारायला माणूस न्यूयॉर्कला गेला, आणि भार वाढवू नका अशी तिथून निघालेली तार पुलाऐवजी कारखान्याच्या कचेरीत गेली. 29 ऑगस्ट 1907, संध्याकाळचे 5:37. 19,000 टन पोलाद पंधरा सेकंदांत नदीत. वर 86 माणसं होती, 75 गेली, त्यांतली 33 आपल्या गावची. काकाच्या थडग्यावरचा पोलादी क्रॉस तू लहानपणापासून बघतो आहेस.

त्यानंतर बायकांनी ठरवलं की सगळे पुरुष एका पुलावर जाणार नाहीत. म्हणून मामा न्यूयॉर्कला, मी इकडे. तेच तुला सांगतोय. सार्जंटला विचार, चौघांना दोन पाळ्यांत वाटता येईल का ते बघ.

फार उपदेश झाला, रागावू नकोस. तू मोठा झालास हे मला कळतं. पुलावरून खाली उतरता येतं, फौजेत हुकमाशिवाय उतरता येत नाही, हेही कळतं. म्हणूनच पुन्हा पुन्हा लिहितोय.

रिव्हेट, म्हणजे पोलाद जोडायचे तापवलेले खिळे, ठोकणाऱ्या टोळीत चौघं असतात: तापवणारा, झेलणारा, मागून दाबून धरणारा आणि ठोकणारा. तू सात-आठ वर्षांचा असताना माझी झेलायची बादली घेऊन अंगणात उभा राहायचास आणि मामा लांबून खडे फेकायचा. एकही खाली पडायचा नाही. मामा म्हणायचा, हा तापलेले रिव्हेटही असेच झेलेल. ज्या देशात आपल्याला मत नाही त्याच्यासाठी तू आपणहून गेलास. त्यावर गावात दोन बाजूंनी बोललं जातं. मी मान वर करून ऐकतो.

पगारातून लावून दिलेले 15 डॉलर दरमहा येतात. लोकरीचे मोजे पाठवले आहेत. ओले मोजे पायात ठेवून झोपू नकोस, पाय चोळून कोरडे कर.

उन्हाळ्याअखेर क्वेबेकचा मधला गाळा पुन्हा उचलणार आहेत. गेल्या सप्टेंबरात तो उचलताना पडला आणि 13 माणसं गेली. तरी मी जाणार आहे. तुझी आई नको म्हणाली नाही. धाकट्याला सोबत न्यायचं नाही, एवढं तिने बजावलं.

सार्जंट काय म्हणाला ते लगेच लिही. पाळ्या वाटल्या असतील तर कोण कुठल्या पाळीत आहे तेही लिही, मावशी रोज विचारायला येते.

तुझे वडील