तुझी गोष्ट बाकी आहे

प्रिय गोकुळ,
रामराम.

परवा फोनवर म्हणालास, "कोरोनाच्या गोष्टी गोळा करून काय करणार? लोक विसरले आता." कोणी विसरलेलं नाही रे. "कोरोनात काय झालं?" असं विचारलं की सगळे टीव्हीवरचंच सांगतात, थाळ्या, मास्क, इंजेक्शन. "त्या साली आखाजीला काय केलं?" असं विचारलं की माणूस खाट ओढून समोर बसतो.

२०२० ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती. लॉकडाउनला महिना झालेला, एसटी बंद, लेकी सासरीच अडकलेल्या. खालच्या गल्लीतली आजी म्हणाली, "पोर उनीच नई, झोका कोनासाठे बांधू?" आणि उठून शेळीला पाला टाकायला गेली. तेवढंच रेकॉर्डिंग आहे, आणि ते मी तसंच ठेवणार.

कुंभारबाबांनी मात्र अख्खी दुपार बसवून घेतलं. त्या वर्षी लाल घागरी भाजून ओसरीत रचलेल्या, पण बाजारच भरला नाही. पुढची आखाजी १४ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेत. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाने मातीचं डेरगं पूजतात, तुला माहीतच आहे. बाबा सांगत होते, लोक तोंड बांधून यायचे, अंगणाबाहेरूनच "एक डेरगं द्या" म्हणायचे. कोणासाठी, हे बाबांनी एकालाही विचारलं नाही. घरात दोघं गेलेला माणूस दोन बोटं वर करायचा, तोंडाने बोलायचा नाही.

म्हातारी माणसं साथ म्हटली की थेट १९९४ वर जातात. सुरतेला प्लेग झाला आणि उधना, लिंबायतमधली आपली माणसं ताप्ती लाइनच्या गाड्या भरभरून गावी आली. आप्पांचं म्हणणं, तेव्हा कोणी कोणाला अडवलं नाही. माय म्हणते, अडवलं नाही पण मळ्यातच झोपवलं. माझा विश्वास मायवर.

आता खरं कारण लिहितो. श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या, तू त्याआधीच रुळारुळाने निघालास. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रात्री जे बसायचे त्यात आप्पा होते, हे मला माहीत होतं. पण परवा मोबाइल समोर चालू असताना ते म्हणाले, "गोकुळले मी वयखं व्हतं. बॅटरी मारी, नि लगेच बंद करी." म्हणजे त्यांनी तुला ओळखलं होतं. तू हे मला कधीच सांगितलं नाहीस.

रेकॉर्डिंग उतरवायला मदत करणारे गुरुजी म्हणतात, हे वगळा, गावाची शोभा होईल. मला नाही पटत. काट्या टाकणाऱ्यांची भीतीही खरीच होती. पण एवढंच ठेवलं तर उद्या वाचणाऱ्याला वाटेल, गावाने शहाणपण केलं. काट्यांच्या पलीकडे उभा राहिलेला माणूस त्यात हवा, आणि तो तू आहेस. पाय सुजलेले असताना मराठी शाळेत चौदा दिवस काढणाराही तूच.

नाव नको असेल तर घालणार नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलंस तरी चालेल, शिव्या आल्या तरी राहू दे. आप्पांना सांगूनच हे पत्र लिहितोय. ते म्हणाले, "लिख."

आणि शाळेत तुम्हाला डबा कोण आणून द्यायचं, ते तेवढं नक्की सांग. आप्पा म्हणतात मी, माय म्हणते मी, आणि दोघं तीन दिवस झाले त्यावरून भांडताहेत.

तुझा,
भटू