रॅकवर राहिलेले हातमोजे

ऐरोली, रविवार, रात्र

प्रिय मनू,

तुझे पातळ हातमोजे इथेच राहिले. ते काळे, लोकरीचे, मोठ्या हातमोज्यांच्या आत घालायचे. चपलांच्या रॅकवर आईच्या छत्रीखाली होते. दादा तुला विमानतळावर सोडून आला, बूट काढायला वाकला आणि त्यालाच दिसले. तेव्हापासून ते माझ्या टेबलावर आहेत.

परवा गाडी खाली उभी असताना मी तुझ्यावर ओरडायला नको होतं. शेजारच्या काकू दारात होत्या, आईने डब्यात तिळाचे लाडू भरलेले होते, आणि मी नोकरीचा विषय काढला. तो विषय मनात नव्हताच. मनात आकडा होता. तू मला सांगितलं होतंस, "बाबा, नॉर्वेचं ट्रॉम्सो समुद्रकाठी आहे, गरम प्रवाह येतो, सहसा उणे चार-पाचच्या फार खाली जात नाही." ते खरं आहे, मी पाहिलं. पण तुम्हाला टिपायचे आहेत उत्तरेचे दिवे, तो ध्रुवीय प्रकाश, आणि किनाऱ्यावर ढग असले की मोकळं आकाश शोधत तुम्ही आत जाणार, स्किबोटनकडे, पुढे फिनलंडच्या हद्दीवर किल्पिसयार्वीपर्यंत. तिथे उणे वीस आणि त्याखालीही जातं. हे तू सांगितलं नाहीस. मी काळजी करेन म्हणून सांगितलं नसशील. पण मनू, उणे वीस हा आकडा या घरात मला सोडून कोणाला कळणार?

एकवीस वर्षं मी तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये काढली. बाहेर मे महिना, डांबर वितळतंय, आणि पट्ट्यांचा पडदा सारून आत गेलं की उणे अठरा. कोळंबी, मटार, आइस्क्रीमच्या पेट्या. तिथे मी एक गोष्ट शिकलो. जो पोरगा "थंडी वाजते" म्हणून कुरकुर करतो, तो ठीक असतो. जो म्हणतो, "साहेब, आता काही लागत नाही," त्याला हाताला धरून ताबडतोब बाहेर आणायचं. बोटं दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नसतं. हे लक्षात ठेव. एवढंच सांगायचं होतं, आणि परवा नेमकं हेच राहिलं.

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट तुला माहीत आहे. लहानपणी तू ते दाबून विचारायचीस, "इथे लागतं का? आणि इथे?" टोकाला आजही कळत नाही. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आतल्या दाराची कडी अडकली होती. बोल्ट बारीक, हातमोज्यात पकडता येईना, म्हणून अर्धा मिनिट मोजा काढला. अर्धाच मिनिट. कातडी लोखंडाला चिकटून राहिली. आम्हाला जाडे मोजे दिलेले होते, आतले पातळ मागून मागून थकलो तरी मालकाने दिले नाहीत. म्हणून म्हणतो, आतले मोजे ही चैन नाही. तू कॅमेऱ्याची बारीक चाकं फिरवणार, ट्रायपॉडचे पाय धातूचे, ड्रोनच्या रिमोटवर नुसते अंगठे चालवणार. उद्या सकाळी आधी तसे मोजे विकत घे. किती क्रोनर पडतात ते मला सांगू नकोस, आणि आईलाही नको.

रात्री झोप येत नाही तेव्हा वाचत बसतो. बिर्कलंड नावाचा शास्त्रज्ञ, ज्याचं चित्र नॉर्वेच्या जुन्या दोनशेच्या नोटेवर होतं, त्याने चुंबक बसवलेला गोळा निर्वात पेटीत ठेवून त्यावर खोलीतच हे उत्तरेचे दिवे चमकवून दाखवले होते. सूर्याकडून कण येतात, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं. वाचताना मला तुझी आठवण येत होती, अभिमानही वाटत होता. मग पुढे आलं, की १८९८ मध्ये त्याच्या मोहिमेवर गेलेल्या हेलंड-हान्सन या डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याची बोटं हिमदंशाने गेली. डॉक्टरकी सुटली, तो पुढे समुद्राचा अभ्यासक झाला. मोठा झाला म्हणे. मी पुस्तक मिटलं.

बघ, पुन्हा बोटांवरच आलो.

खरं तर मला गच्चीवरची रात्र लिहायची होती. तू नवा कॅमेरा आणलास, आणि ऐरोलीच्या त्या पिवळट आकाशात जेमतेम दिसणारं मृग नक्षत्र मला दाखवलंस. मी ट्रायपॉड धरून उभा. तू म्हणालीस, "बाबा, फोकस हाताने करायचा, ताऱ्यावर, ऑटोवर ठेवला की तो अंधारात भरकटतो." मग तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला तशी तू रिंगवर चिकटपट्टी लावलीस, आठ सेकंद श्वास रोखलास आणि मलाही रोखायला लावलास. आजपर्यंत मी तुला शिकवत होतो, त्या रात्री पहिल्यांदा उलटं झालं. मी खाली येऊन आईला सांगितलं. तुला मात्र सांगितलं नव्हतं.

ती चिकटपट्टी तिथे खोलीवरूनच लावून निघता येते का? बाहेर जितकं कमी काम, तितकं बरं. आणि कॅमेरा आत आणताना बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बंद कर, खोलीत आला तरी दोन-तीन तास उघडू नकोस. चेंबरमधून बाहेर आलो की माझा चष्मा कसा पाण्याने भरायचा आठवतं ना, तसंच लेन्सचं होईल. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. आमच्या टॉर्चचे सेल आत गेले की मान टाकायचे आणि बाहेर आले की पुन्हा उजेड द्यायचे. तुझ्या ड्रोनच्या पुस्तिकेत उणे दहापर्यंतच उडवा असं लिहिलेलं आहे, मी ती अख्खी वाचली. उणे वीसला त्याला उडवू नकोस.

नाणेघाटात काय झालं होतं? पावसाळी वारा दरीतून वर फेकत होता, धबधब्याचं पाणी आपल्याच तोंडावर येत होतं, आणि तू ड्रोन वाऱ्याबरोबर सोडलास. जाताना छान गेला. परतताना वारा तोंडावर, बॅटरी उतरतेय, तू ओठ चावतेयस. मी काही बोललो नाही, कारण तुझे हात थरथरत नव्हते. तू तो खाली आणलास, पठारावर उतरवलास आणि चिखलातून पळत गेलीस. तेव्हापासून तू आधी वाऱ्याच्या विरुद्ध पाठवतेस, परत येताना वारा पाठीशी राहावा म्हणून. हे तुझं तू शिकलीस. त्या फियॉर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठांवरही तेच कर.

फार उपदेश झाला. माफ कर. तुझ्या आजोबांनी मला पत्रात नुसतं "तब्येत सांभाळ" लिहिलेलं असायचं, आणि मला राग यायचा की एवढंच?

मागे २०२४ च्या मे महिन्यात लडाखच्या हानलेहून टिपलेला लाल आकाशाचा फोटो तू आईला दाखवत होतीस. म्हणत होतीस, आपल्याकडे लाल दिसतं कारण आपल्याला फक्त वरचा भाग दिसतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा. हिरवा त्याच्या खाली असतो, शंभर-दीडशेवर, तो बघायला उत्तरेला जायला हवं. आई म्हणाली, मग जा की. मी पेपर वाचत होतो असं तुला वाटलं. मी ऐकत होतो. तुझ्या आवाजात जे होतं ते ऑफिसातून येताना कधीच नसायचं.

तो हिरवा शंभर किलोमीटरवर, आणि तिकडच्या नियमाने तुझा ड्रोन १२० मीटरच्या वर जाणार नाही. म्हणून घाई करू नकोस. एक रात्र ढगात गेली तर जाऊ दे. पुण्याच्या त्या मैत्रिणीला एकटीला गाडीत ठेवून तू तळ्यावर पुढे जाऊ नकोस. मागे वळून हाक मारली तर ऐकू जाईल इतकंच अंतर ठेव.

आत्याला एक फोन कर, ती रुसली आहे.

तुझी रात्री एकची वेळ म्हणजे आमची पहाटेची साडेपाच. पाणी येतं, मी उठलेलाच असतो. आकाशाचे फोटो सावकाश पाठव, निवडून, रंग नीट करून. मला त्याआधी दुसरा एक हवा आहे. खोलीवर पोचलीस, दार लावलंस, शेगडीपाशी बसलीस की मोजे काढ आणि दोन्ही हातांचा फोटो मैत्रिणीकडून काढून घे. दहाही बोटं दिसली पाहिजेत.

बाबा