थेट महापौर सोडा, आधी मतदानाची तारीख ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांमधून, यावर आपल्या पत्रांच्या सदरात बरेच दिवस वाद चालू आहे. जो तो उदाहरण काढतो ते लंडन-न्यूयॉर्कचं. मला त्यापेक्षा फिलिपिन्स जवळचं वाटतं. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं इंजिन रूममध्ये फिलिपिनो पोरांबरोबरच गेली. घराणी, भाऊबंदकी, मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटं, पावसाळ्यात तुंबणारी शहरं, यातलं काहीच त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही.

तिथे महापौर थेट निवडतात. उपमहापौरसुद्धा थेट, आणि त्याला मत वेगळं. त्यामुळे महापौर एका पक्षाचा, उपमहापौर दुसऱ्याचा, असं सर्रास होतं. सभागृहाचं अध्यक्षपद उपमहापौराकडे असतं आणि शहराचा कारभार खरोखरच महापौराच्या हातात. आपल्या महापालिकेत महापौर फीत कापतो आणि सही आयुक्तांची चालते, तसं तिथे नाही. मुदत तीन वर्षांची, आणि सलग तीन मुदती झाल्या की खुर्ची सोडावीच लागते.

आता ही खुर्ची कोणासाठी सोडतात ते बघा. माझा एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मकातीचा, म्हणजे मनिलाला लागून असलेल्या, बँका आणि काचेच्या टॉवरांच्या शहराचा. 1986 मध्ये हुकूमशहा मार्कोस देश सोडून पळाले आणि नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अ‍ॅक्विनो यांनी जेजोमार बिनाय यांना मकातीचे कारभारी महापौर नेमलं. 1998 ला त्यांची मुदत भरली, मग पत्नी एलेनिता महापौर झाल्या. 2001 ला साहेब परत आले, 2010 पर्यंत राहिले. पुढे मुलगा, मग मुलगी अ‍ॅबी. 2019 ला तर सख्खे बहीण-भाऊच एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बहीण जिंकली. 2025 ला अ‍ॅबी यांची तिसरी मुदत संपत आली तेव्हा त्यांच्या नवऱ्याविरुद्ध त्यांची बहीण, सिनेटर नॅन्सी उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. बोसन म्हणायचा, "चीफ, आमच्याकडे विरोधी पक्ष जेवायच्या टेबलावरच बसतो."

पण त्याच बोसनच्या आईला वाढदिवसाला महापालिकेकडून केक येतो. शहरातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना येतो. पिवळं कार्ड दाखवलं की महापालिकेच्या दवाखान्यात उपचार मिळतात. कंपन्यांच्या करावर शहर श्रीमंत आहे, आणि त्यातलं थोडंफार खालपर्यंत पोचतं. म्हातारी बिनायांनाच मत देते आणि त्याबद्दल तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. एवढंही न देणारी घराणी आपल्याकडे कमी आहेत का?

वेगळ्या उपमहापौराचा उपयोग याच मकातीत दिसला. महापालिकेच्या पार्किंग इमारतीच्या खर्चाच्या प्रकरणात तिथल्या लोकपालांनी 2015 मध्ये महापौर ज्युनिअर बिनाय यांना पदावरून काढलं. उपमहापौर विरोधी पक्षाचे होते. ना पोटनिवडणूक, ना नगरसेवकांची सहल, उपमहापौर थेट महापौरांच्या खुर्चीत बसले. पुढच्याच वर्षी मकातीकरांनी त्यांना पाडून अ‍ॅबींना आणलं, ही गोष्ट वेगळी.

दुसरं शहर पासिग, तिथून फार लांब नाही. 1992 पासून तिथे एउसेबिओ कुटुंब: नवरा, बायको, पुन्हा नवरा, मुलगा, सून, पुन्हा मुलगा. सत्तावीस वर्षं! 2019 च्या मे महिन्यात आमचं जहाज सिंगापूरच्या अँकरेजला होतं, मोबाइलला रेंज होती. माझा मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधला कामगार, पासिगचा. संध्याकाळपासून मेसमध्ये फोन घेऊन बसला होता, तेल गाळायचं यंत्र बघायला खाली जायचा आणि दोन दोन पायऱ्या गाळत वर यायचा. एकोणतीस वर्षांचा नगरसेवक विको सोट्टो एउसेबिओंच्या पुढे चालला होता. (वडील विनोदी नट, काका सिनेटर, म्हणजे हाही काही झोपडीतून आलेला नव्हे.) तो जिंकला तेव्हा मोटरमनने सगळ्या मेसला शीतपेय पाजलं. गंमत अशी की या निवडणुकीत त्याला स्वतःला मतच नव्हतं. परदेशात किंवा जहाजावर असलेल्या फिलिपिनोला राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, पक्षांची यादी यांना मत देता येतं. स्वतःच्या शहराचा महापौर आणि नगरसेवक मात्र निवडता येत नाही. घर ज्याच्या पगारावर चालतं, त्याच्या गटाराबद्दल त्याला बोलायची सोय नाही. ही त्यांची पद्धत मला कधीच पटली नाही.

2022 ला सोट्टो यांच्याविरुद्ध त्यांचेच उपमहापौर उभे राहिले आणि पडले. 2025 ला सोट्टो तिसऱ्यांदा आले.

दक्षिणेतल्या दावाओ शहराबद्दल आपल्या वाचकांना सांगायला नको. मराठी मुलंही तिथे डॉक्टरकी शिकायला जातात. 2025 च्या मार्चमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेलं, आणि मे महिन्यात दावाओकरांनी त्यांना तुरुंगात असतानाच प्रचंड मतांनी महापौर केलं. मुलगा उपमहापौर झाला. बापाला शपथ घ्यायला येता येईना, म्हणून मुलगा कारभारी महापौर आणि नातू कारभारी उपमहापौर. म्हणजे थेट निवडणुकीने घराणं मोडतं हा पहिला गैरसमज काढून टाका. थेट निवडणुकीत घराणं मोडलं जाऊ शकतं, एवढंच पासिगवरून म्हणता येतं.

आणि ती संधी पासिगला मिळाली, कारण निवडणूक झाली. मला बोलायचं आहे ते याबद्दल. तिथे कायद्यातच लिहिलंय: मे महिन्याचा दुसरा सोमवार. 1992 पासून शहरांचा हा सोमवार चुकलेला नाही. करोनाच्या काळातसुद्धा 2022 ला 9 मे रोजी मतदान झालं. जहाज मिळेपर्यंत मी तेव्हा मनिलात अडकलो होतो. आदल्या दिवसापासून दारूबंदी, त्यामुळे खानावळीत बिअर मागितल्यावर बाईने माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघितलं. शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात रांग, आत टेबलांवर मास्तर-मास्तरणी. लांबलचक मतपत्रिका, त्यावरचे लंबगोल मार्करने काळे करायचे, यंत्रात सरकवायची, नखाला शाई. फाटकाबाहेर नमुना मतपत्रिका वाटणारी पोरं, अगदी आपल्यासारखीच. काही ठिकाणी यंत्रं बंद पडली, शिव्याशाप झाले, पण दिवस पुढे ढकलला गेला नाही.

ढकलायला निमित्तही फारसं नसतं. मकातीत दोन मतदारसंघ, प्रत्येकातून आठ नगरसेवक. मतदार एकाच यादीतून आठ जणांना मत देतो. सीमा कायद्याने आखलेल्या. दर वेळी नवी प्रभागरचना, हरकती-सूचना, सोडत, मग कोर्ट, ही आपली मिरवणूक तिथे नाही. त्यांच्या पद्धतीत एकाच पॅनेलने सगळ्या जागा मारायची भीती असते, हे खरं. आपलं महिला आरक्षण तर मी कशाच्याही बदल्यात सोडणार नाही. पण आरक्षणाची सोडत मुदत संपायच्या वर्षभर आधी काढायला कोणी अडवलंय?

तारीख हातात दिली की राज्यकर्ते काय करतात, तेही तिथेच बघा. बरांगाय म्हणजे तिथली वॉर्डापेक्षाही लहान पंचायत. तिची निवडणूक 2016 पासून इतक्यांदा पुढे ढकलली की 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पुढे ढकलणं घटनाबाह्य ठरवलं. तरी 2025 ची निवडणूक पुन्हा नोव्हेंबर 2026 वर गेलीच. त्यांच्या 1987 च्या घटनेत घराणेशाहीला बंदी आहे, पण घराणं म्हणजे काय हे ठरवायचं काम संसदेवर सोडलं, आणि संसदेत बसलेत कोण ते सांगायला नको. बंदी लागू झाली ती बरांगायच्या युवक मंडळाला, 2016 साली. अठरा ते चोवीस वयाच्या पोरांना!

आपल्या घटनेतही 243-यू कलमात मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असंच म्हटलंय. तरी मुंबई-पुण्याची मुदत मार्च 2022 ला संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. आमच्या रत्नागिरीत जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल विचारायला गेलं की साहेब मीटिंगला. थेट नगराध्यक्षाची तरतूद तर 2001 ला आली, 2006 ला गेली, 2016 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला पुन्हा आली.

पुढची निवडणूक 8 मे 2028 ला, हे मकातीतला माझा बोसन आजच सांगू शकतो. रत्नागिरीच्या नव्या नगरपरिषदेची मुदत कधी संपणार हे आपल्यालाही ठाऊक आहे. आमच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढंच करावं: मतदानाचा महिना आणि वार कायद्यात घालणारं विधेयक मांडावं. नगराध्यक्ष थेट असावा की नाही, यावर आपण मग सावकाश भांडू.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर, रत्नागिरी