लिओ वराडकर यांचे मूल्यमापन गावाच्या नात्यापलीकडे व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयर्लंडचे माजी पंतप्रधान डॉ. लिओ वराडकर यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत 2017 पासून जे छापून आले, त्यातील बहुतांश मजकूर मालवण तालुक्यातील वराड गावी सुरू होतो आणि तेथेच संपतो. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर 1960 च्या दशकात मुंबईहून इंग्लंडला गेले, तेथे परिचारिका असलेल्या आयरिश तरुणीशी त्यांची ओळख होऊन पुढे विवाह झाला, 1973 मध्ये हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले आणि पंतप्रधानपदी असताना डिसेंबर 2019 च्या अखेरीस लिओ आईवडिलांसह वराडच्या घरी येऊन गेले, एवढे आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. त्या भेटीचा आनंद आम्हा सिंधुदुर्गवासीयांना झाला आणि तो होणे स्वाभाविकही होते. परंतु मार्च 2011 ते एप्रिल 2024 अशी सलग 13 वर्षे जो माणूस आपल्या देशाच्या मंत्रिमंडळात होता, त्याने त्या काळात नेमके काय केले, याविषयी मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. याच जिल्ह्यातील सरकारी आरोग्यसेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर या नात्याने मला ही उणीव खटकते, कारण वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाती सत्ता आली म्हणजे त्या शिक्षणाचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. वराडकर हे वर्षानुवर्षे दवाखाना चालवून उतारवयात राजकारणाकडे वळलेले डॉक्टर नाहीत. 1999 मध्ये, वयाच्या 20 व्या वर्षी, वैद्यकीय विद्यार्थी असतानाच ते स्थानिक निवडणुकीला उभे राहिले आणि हरले. 2003 मध्ये त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतली. प्रशिक्षणाचा काही काळ त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातही काढला होता. (याच केईएमचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, हेही येथे आठवावेसे वाटते.) 2004 मध्ये लिओ नगरसेवक म्हणून निवडून आले, 2007 मध्ये संसदेत पोहोचले आणि जनरल प्रॅक्टिशनर म्हणून त्यांची पात्रता पूर्ण झाली ती त्यानंतर, 2010 मध्ये. दोन्ही वाटा ते एकाच वेळी चालत होते आणि त्यांचा ओढा राजकारणाकडे अधिक होता, हे या सनावळीवरून उघड आहे. तरीही रुग्णालयातील रात्रपाळ्या त्यांनी केल्या होत्या आणि त्या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर परिणाम झाला, असे माझे मत आहे. त्याचा सर्वांत ठळक पुरावा गर्भपाताच्या प्रश्नात सापडतो.

आयर्लंडच्या राज्यघटनेत 1983 मध्ये झालेल्या आठव्या दुरुस्तीने माता आणि तिच्या पोटातील गर्भ यांना जगण्याचा समान हक्क दिला होता. तिचा व्यवहारातील परिणाम 2012 च्या ऑक्टोबरात साऱ्या जगाला कळला. माहेर बेळगावचे असलेल्या 31 वर्षांच्या डॉ. सविता हलप्पनवार या दंतवैद्य गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांना 17 वा आठवडा चालू होता आणि गर्भ टिकणार नाही हे निश्चित झाले होते. त्यांनी गर्भपाताची मागणी केली. गर्भाचे ठोके चालू असल्याने ती नाकारण्यात आली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. आपल्याकडे 1971 पासून असलेल्या कायद्यानुसार, मातेच्या जिवाला धोका असताना 17 व्या आठवड्यात दोन डॉक्टरांच्या मताने हा निर्णय घेता आला असता. अशा रुग्ण मी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिल्या आहेत. ताप चढू लागला आणि नाडी जलद होऊ लागली की हातात किती थोडा वेळ उरतो, हे कोणत्याही प्रसूतिगृहातील परिचारिका सांगू शकेल. त्या वेळात डॉक्टरने वकिलाचा सल्ला घेत बसावे अशी व्यवस्था एका सुधारलेल्या देशात होती, हे तेव्हा वाचून मी अस्वस्थ झालो होतो.

या प्रश्नावर वराडकर यांची मूळ भूमिका काय होती, हे त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावे. 2010 मध्ये त्यांनी एका मुलाखतीत गर्भपाताला विरोध केला होता आणि बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचाही त्यांनी अपवाद केला नव्हता. जुलै 2014 मध्ये ते आरोग्यमंत्री झाले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेत बोलताना त्यांनी स्पष्ट केले की, स्वतः गर्भपाताच्या बाजूचे नसूनही, आरोग्यमंत्री आणि डॉक्टर म्हणून जे कळले त्यावरून ही घटनादुरुस्ती फार जाचक आहे आणि जे निर्णय स्त्रीने व तिच्या डॉक्टरांनी घ्यायचे ते वकील आणि न्यायालये घेत आहेत, असे आपले मत झाले आहे. त्याच महिन्यात मेंदूमृत ठरलेल्या एका गर्भवतीला, कायद्याच्या धास्तीने, तिच्या कुटुंबाच्या इच्छेविरुद्ध कृत्रिम उपकरणांवर ठेवण्यात आले होते आणि ती उपकरणे काढण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. एखादा मंत्री आपली जाहीर भूमिका मतदारांच्या कलाप्रमाणे बदलतो, तेव्हा आपण त्याला संधिसाधू म्हणतो, आणि वराडकर यांच्यावरही तसा आक्षेप घेतला गेला. मला तो पटत नाही. 2014 मध्ये त्यांच्या पक्षात, म्हणजे फिने गेलमध्ये, हे बोलणे सोयीचे नव्हते. आदल्याच वर्षी जीव वाचवण्यापुरती मर्यादित परवानगी देणाऱ्या कायद्यावरून त्या पक्षात फूट पडली होती.

पुढे पंतप्रधान झाल्यावर त्यांनी सार्वमत पुकारले, स्वतः दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने प्रचार केला, आणि 25 मे 2018 रोजी 66.4 टक्के मतदारांनी ती रद्द केली. मतदानापूर्वी सविता यांच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आवाहन केले होते. 1 जानेवारी 2019 पासून तेथे 12 आठवड्यांपर्यंतची गर्भपाताची सेवा, मुख्यतः फॅमिली डॉक्टरांमार्फत, सुरू झाली. या बदलाचे पहिले श्रेय तीन दशके रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचे आणि त्या प्रश्नावर महिनोन्‌महिने तज्ज्ञांची मते ऐकणाऱ्या, सामान्य नागरिकांतून निवडलेल्या नागरिक सभेचे आहे, हे नि:संशय. परंतु सत्तेवरच्या माणसाने आपले जुने मत बाजूला ठेवून तो मार्ग मोकळा केला, याचीही नोंद राहिली पाहिजे. वराडचे नाव सांगणाऱ्या बातम्यांत बेळगावच्या या लेकीचे नाव येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

2015 च्या जानेवारीत वराडकर यांनी आयरिश नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले, तेही मंत्री म्हणून आपल्यापुढे येणाऱ्या निर्णयांमागे छुपा हेतू असल्याची शंका कोणाला राहू नये म्हणून. चार महिन्यांनी त्या देशाने 62 टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. मराठी वृत्तपत्रांनी हा भाग बऱ्यापैकी सांगितला आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

आता दुसरी बाजू. रुग्णालयांच्या कारभारात डॉक्टर मंत्री मिळाल्याने आयर्लंडचे भाग्य उजळले, असे म्हणता येत नाही. वराडकर यांच्या आधीचे आरोग्यमंत्री जेम्स रायली हेही डॉक्टरच होते, आणि तेथील डॉक्टरांच्या संघटनेचे माजी अध्यक्षही. लागोपाठ दोन डॉक्टर त्या खात्यावर असताना, जानेवारी 2015 मध्ये एकाच दिवशी 600 हून अधिक रुग्ण खाटेअभावी आपत्कालीन विभागातील ट्रॉल्यांवर पडून होते. सर्वांसाठी आरोग्यविम्याची योजना सरकारने गाजावाजा करून मांडली होती. खर्चाचा अभ्यास हाती आल्यावर वराडकर यांना ती 2015 च्या अखेरीस बाजूला ठेवावी लागली. सहा वर्षांखालील मुलांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना फॅमिली डॉक्टरची सेवा विनामूल्य देण्याचा निर्णय त्यांच्याच काळात अमलात आला, तो मला मोलाचा वाटतो. पण खाटा, परिचारिका आणि पैसा यांचे गणित मंत्र्याच्या पदवीने सुटत नाही, आणि ज्याने स्वतः कॅज्युअल्टीत रात्री काढल्या त्याला हे इतरांपेक्षा अधिक कळायला हवे होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे प्रकरण तर त्याहून गंभीर आहे. ज्या स्त्रियांना नंतर कर्करोग झाला, त्यांच्या आधीच्या तपासणीचा फेरआढावा घेतला गेला, पण त्याचे निष्कर्ष त्यांतील अनेकींना सांगितलेच गेले नाहीत. व्हिकी फेलन या धैर्यवान रुग्ण स्त्रीने आपल्या दाव्याच्या तडजोडीत गुप्ततेच्या अटीवर सही करण्यास नकार दिल्यामुळे 2018 मध्ये हे उघडकीस आले. 22 ऑक्टोबर 2019 रोजी वराडकर यांनी संसदेत शासनाच्या वतीने या स्त्रियांची माफी मागितली. माफी योग्यच होती. मात्र रुग्णाला त्याच्या स्वतःच्या आजाराविषयी खरे सांगणे हा वैद्यकीतला पहिला धडा असताना, तो पाळण्यासाठी डॉक्टर पंतप्रधानाच्या देशात न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट त्या माफीने पुसली जात नाही. त्याच वर्षी सरकार आणि डॉक्टरांची एक संघटना यांच्यातील गोपनीय कराराचा मसुदा त्यांनी प्रतिस्पर्धी संघटनेच्या प्रमुखाकडे पोहोचवला होता. 2022 मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला, तरी एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला ते शोभणारे नव्हते आणि त्यांनी स्वतःही संसदेत खेद व्यक्त केला.

फेब्रुवारी 2020 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला. काळजीवाहू पंतप्रधान असतानाच करोनाची साथ आली, तेव्हा त्यांनी वैद्यकीय नोंदवहीत आपले नाव पुन्हा घातले आणि आठवड्यातून एक सत्र दूरध्वनीवरून रुग्णांची प्राथमिक तपासणी करण्याचे काम स्वीकारले. आपल्याकडे याच बातमीला सर्वाधिक जागा मिळाली. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व मर्यादित आहे. पंतप्रधानाच्या एका सत्राने रुग्णसंख्येत फरक पडत नाही, आणि त्यांच्या वैद्यकीची खरी कसोटी 2014 च्या त्या भाषणात लागली होती. डिसेंबर 2022 मध्ये ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, मार्च 2024 मध्ये दोन सार्वमते मोठ्या फरकाने हरल्यावर काही दिवसांतच त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरातील निवडणूक लढवली नाही.

आपल्या राज्यातही प्रत्येक निवडणुकीत नावामागे डॉक्टर लावणारे उमेदवार सर्व पक्षांत असतात, आणि प्रचारात त्या उपाधीचा उपयोग विश्वास मिळवण्यासाठी होतो. त्यांना वार्ताहरांनी विचारावे की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील भूलतज्ज्ञाचे पद किती महिने रिकामे आहे, रात्री अडलेल्या बाळंतिणीला कोठे पाठवले जाते, आणि आमदार किंवा खासदार असताना आपण यासाठी काय केले. सिंधुदुर्गातून गंभीर रुग्णाला आजही गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयाकडे न्यावे लागते; हा प्रश्न येथील प्रत्येक डॉक्टर उमेदवाराला ठाऊक असतो.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वराडकर यांच्या आरोग्यविषयक कारकिर्दीवर, तिच्या यशापयशासह, एखादा विस्तृत लेख यावा आणि त्यात सविता हलप्पनवार प्रकरण व नंतरचा कायदेबदल यांची साद्यंत माहिती दिली जावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
जिल्हा सिंधुदुर्ग