लोडवर सुटणाऱ्या सेकंड गिअरला ‘नॉर्मल आवाज’ म्हणून तक्रार बंद केल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवरून फोन आला. “सर, तुमची तक्रार बंद केली आहे, गिअरचा आवाज नॉर्मल आहे.” आवाज ऐकला कोणी, असं विचारलं. “सर्व्हिस सेंटरने तसं कळवलंय.” म्हणून आता थेट तुम्हाला लिहितोय.

मी अंबड एमआयडीसीत १७ वर्षं हॉबिंग मशीनवर गिअर कापतो. नॉर्मल आवाज कुठला, ते मला कळतं. डिसेंबरात सकाळी मोटरसायकल काढताना न्यूट्रलमधून फर्स्ट टाकला की खट्ट होतं. थंड ऑइल दाट असतं, क्लच दाबला तरी प्लेटी एकमेकींना चिकटून शाफ्टला थोडं फिरवत राहतात, मग डॉग, म्हणजे गिअरच्या बाजूचे एकमेकांत अडकणारे खुंट, आपटून बसतो. गाडी तापली की तो आवाज कमी होतो. खालच्या गिअरला घूं असा सूर येतो, तो सरळ दातांचा. या दोन्हींबद्दल मी एका शब्दाने तक्रार केलेली नाही. माझी पहिली तक्रार काढून वाचा.

माझी तक्रार अशी आहे की सेकंड गिअर लोडवर सुटतो. मोहदरी घाटात ट्रकच्या मागे सेकंडवर चढत होतो, बायको मागे बसलेली. थ्रॉटल दिला तसा कर्रर्र आवाज झाला, लिव्हरचा टोला बुटाला बसला आणि इंजिन मोकळं ओरडायला लागलं. गाडी जागच्या जागी मेली. मागून टँकर येत होता. त्याने ब्रेक मारला म्हणून आज हे पत्र लिहितोय.

डॉगच्या कडा किंचित आत तिरक्या का कापतात, हे तुमच्या इंजिनियरांना मी सांगायला नको. लोड आला की गिअर एकमेकांना ओढून धरावेत म्हणूनच ना? त्या कडा गोल झाल्या, किंवा गिअर सरकवणारा शिफ्टर फोर्क वाकला, की तोच लोड गिअरला बाहेर ढकलतो. क्लच केबलचा प्ले आणि चेनचा ताण मी आधीच तपासून घेतला होता. दोन्ही बरोबर आहेत.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये काय झालं ते सांगतो. दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हा सुपरवायझरने ती मेन स्टँडवर लावली, सेकंड टाकला, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, “काका, काही नाही.” मी म्हटलं, “अहो, स्टँडवर चाक मोकळं फिरतं, लोड कुठे आहे? चढावर चालवून बघा.” तो म्हणाला, “सगळ्यांच्या गाड्या चालवत बसलो तर पेट्रोल कोण देणार?” मी म्हटलं, “पेट्रोल माझं. मी मागे बसतो, आत्ता चला.” त्यावर चार गिऱ्हाइकांसमोर, “काका, वयानुसार क्लच पूर्ण दाबला जात नाही कधी कधी. नवीन गाडीची सवय व्हायला वेळ लागतो.” माझं वय ४६ आहे. मी २६ वर्षं मोटरसायकल चालवतोय. आणि गिअर सुटतो तेव्हा माझा हात क्लचवर नसतोच!

संध्याकाळी जॉब कार्ड हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, “टेस्ट राइड घेतली, आवाज नॉर्मल.” गाडी देताना मीटर ६,२१४ होता. घेताना मीटर ६,२१४. दोन्हींचे फोटो सोबत जोडले आहेत. एक किलोमीटरसुद्धा न चालवता टेस्ट राइड घेतली म्हणून लिहून दिलं, शिक्का मारला, सही केली. आमच्या कारखान्यात न मोजलेल्या गिअरवर ‘तपासला’ असा शिक्का मारला, तर त्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाहीत.

माझ्या वडिलांनी तुमच्याच कंपनीची गाडी १९ वर्षं वापरली. त्यांच्या शब्दावर मी ही घेतली. ते रोज विचारतात, झाली का दुरुस्त? मी काय सांगू त्यांना?

इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइल एकच आहे. डॉग झिजत असेल तर लोखंडाची ती चुरी इंजिनभर फिरतेय. उद्या वॉरंटी संपल्यावर इंजिन गेलं की खर्च माझ्या गळ्यात घालाल, म्हणून हे आजच लेखी देतोय.

तक्रार पुन्हा उघडा. त्या सर्व्हिस सेंटरचा नाही, कंपनीचा इंजिनियर पाठवा. त्याने गाडी लोडवर चालवावी, मी मागे बसेन. नंतर इंजिन उतरवून माझ्यासमोर गिअरबॉक्स खोला. डॉग आणि फोर्क धड निघाले तर खोलण्याची मजुरी मी भरतो. खराब निघाले तर सगळे भाग वॉरंटीत बदला, आणि ते जॉब कार्ड चुकीचं होतं असं लेखी द्या.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि मीटरचे दोन फोटो माझ्याकडे आहेत.

गाडी घरी उभी आहे. मी सध्या कंपनीच्या बसने कामाला जातो. माझी सुट्टी शनिवारी असते, इंजिनियर त्या दिवशी पाठवा.

आपला ग्राहक,
सिडको, नाशिक

सोबत: दोन्ही जॉब कार्डं, मीटरचे फोटो, वॉरंटी कार्डाची प्रत