एसएमपीएस बदलण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आभासी नाणी काढण्यासाठी, म्हणजे मायनिंगसाठी, अनेक ग्राफिक्स कार्डं जोडलेलं मशीन म्हणजे रिग. ‘रिग दहा मिनिटं चालते आणि बंद पडते’ असं कुणी म्हणालं, की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं : एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला. मग नवा हजार वॉटचा आणला जातो. दोन दिवस रिग शहाण्यासारखी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत सोडून दिली. तेव्हापासून जुन्या रिगांचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत स्वस्तात मिळतात आणि ते घेणारा बहुधा नवखा असतो. कुणी दुसरं एखादं नाणं काढू पाहतो, कुणी कार्डं रेंडरिंगला (थ्रीडी चित्रं तयार करायला) जोडतो. बिघाड दोघांकडे सारखाच, आणि पुष्कळदा तो एसएमपीएसच्या डब्याबाहेर असतो.

पहिला संशयित साटा कनेक्टर, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणारा चपटा कनेक्टर. रायझरसोबत (कार्ड मदरबोर्डापासून दूर बसवायच्या छोट्या पट्टीसोबत) जी फुकटची ‘साटा ते ६-पिन’ वायर येते, ती सरळ कचऱ्यात टाकावी. साटाच्या पंधरा पिनांपैकी १२ व्होल्टच्या फक्त तीन, आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॉट. कार्डाला मात्र रायझरच्या स्लॉटमधून, म्हणजे याच वायरीतून, १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॉट ओढायची मुभा आहे. जीटीएक्स १०५० टीआयसारखं बाहेरची वायर नसलेलं कार्ड तर सगळी वीज स्लॉटमधूनच घेतं. एसएमपीएसची वेगळी ८-पिन वायर लागणारं कार्ड स्लॉटमधून कमी घेतं, म्हणून ‘आमच्याकडे दोन वर्षं चाललं की’ असं सांगणारेही भेटतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांचं कनेक्टर अजून सैल झालेलं नसतं, एवढंच. सतत तापून पिनेची पकड ढिली पडते आणि तिथला अवरोध वाढतो. दशांश एक ओहम अवरोधातून साडेचार अँपिअर गेले, तर दोन वॉट उष्णता. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ती नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये चोवीस तास कोंडलेली असते. आधी १२ व्होल्टच्या बाजूचं टोक चहाच्या रंगाचं होतं, मग वास येतो, मग रायझर अधूनमधून कार्ड सोडतो. साच्यात एकसंध ओतलेली कनेक्टरं यात सर्वांत वाईट, कारण मऊ प्लास्टिकमध्ये तारा सरकून एकमेकींना चिकटतात. तेव्हा एसएमपीएस बंद पडतो तो स्वतःला आणि घराला वाचवण्यासाठी, आणि दोष मात्र त्याच्या माथी.

रायझरला एसएमपीएसमधून थेट आलेली ६-पिन वायर द्यावी. तशा वायरी पुरत नसतील तर मोलेक्स (चार जाड पिनांचा जुना कनेक्टर). मोलेक्सच्या एका माळेवर (एकाच वायरीवर ओळीने आलेल्या कनेक्टरांवर) दोनपेक्षा जास्त रायझर नकोत. माळेत चार कनेक्टर दिसले तरी १२ व्होल्टची पिवळी वायर एकच असते. तीन रायझरांनी चार-चार अँपिअर घेतले, की त्या एका १८ गेज जाडीच्या तारेवर बारा अँपिअर.

आता मोजणी. कार्डं सगळी काढायची, मदरबोर्डला जाणाऱ्या चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडायची, एखादा पंखा लावायचा आणि एसएमपीएस सुरू करायचा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६, पाचची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ची ३.१४ ते ३.४७ या हद्दीत हवी. इथपर्यंत सगळे करतात आणि ‘१२.१ येतंय, ठीक आहे’ म्हणून मीटर ठेवून देतात. बिनभाराचा आकडा फक्त एवढंच सांगतो, की एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही.

खरं मोजमाप भारावर. रिग चालू असताना मीटरची काळी प्रोब रिकाम्या मोलेक्सच्या काळ्या वायरीत आणि लाल प्रोब कार्डाच्या ८-पिन कनेक्टरमध्ये मागून, वायरीच्या कडेने आत सरकवायची. सगळ्या वायरी काळ्याच असतील, तर कार्डाच्या कनेक्टरवर अडकवायच्या खटक्याच्या विरुद्ध बाजूच्या ओळीत १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. (प्रोसेसरच्या ८-पिनला नेमकं उलट, १२ व्होल्ट खटक्याच्या बाजूला. तो जोर लावून कार्डात बसवणारे महाभाग आहेत.) मग तीच वायर एसएमपीएसच्या टोकाशी मोजायची. एसएमपीएसपाशी १२.०५ आणि कार्डापाशी ११.५ दिसलं, तर वायर किंवा कनेक्टर गेलेलं आहे, नवा एसएमपीएस आणून काही होणार नाही. दोन्हीकडे ११.५ असेल, तर मात्र एसएमपीएस थकलेला आहे किंवा त्याच्यावर भार जास्त आहे. १८ गेजच्या साठ सेंटिमीटर तारेत पाच अँपिअरला जेमतेम ०.०६ व्होल्ट पडतात. काळ्या तारेतली घट धरली, तरी पाव व्होल्टच्या वर फरक म्हणजे कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट किंवा करपलेली पिन.

रिग मोजण्याआधीच बंद होत असेल, तर एक कार्ड लावून अर्धा तास चालवा, मग दुसरं, मग तिसरं. ठरावीक कार्ड किंवा रायझर लावलं की बंद पडत असेल, तर दोष त्याच्यात. कुठलंही चौथं कार्ड लावलं की बंद पडत असेल, तर दोष क्षमतेत. आणि एक : ट्रिप झालेला (स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडलेला) एसएमपीएस बटण दाबून उठत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं. तेवढा धीर नसल्यामुळे चांगले एसएमपीएस मेलेले ठरतात.

क्षमतेत आणखी एक गोम आहे. आरटीएक्स ३०७० हे मूळचं २२० वॉटचं कार्ड. पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज घ्यावी याची प्रोग्राममधून घातलेली मर्यादा) लावून मायनिंगला ते १२०-१३० वॉटवर चालवतात. अशी सहा कार्डं आणि बाकी मशीन मिळून साडेआठशे वॉट धरले आणि अकराशेचा एसएमपीएस लावला. ठीक. पण वीज जाऊन आली, मशीन पुन्हा सुरू झालं, की लिमिट पुसलेलं असतं. मायनिंगचा प्रोग्राम लिमिटच्या आधी धावला, तर सहा कार्डं मिळून १३२० वॉट मागतात आणि एसएमपीएस लगेच हात वर करतो. ‘रात्री लाइट गेली, तेव्हापासून रिग चालू होत नाही’ यामागे बरेचदा एवढंच असतं. मशीन सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या यादीत) आधी लिमिट, मग वीस सेकंदांचा थांबा, मग मायनिंग, असा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो. चोवीस तासांचा भार छापील क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. आणि छापील म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा नव्हे. लेबलवर १२ व्होल्टपुढे लिहिलेले अँपिअर गुणिले बारा, ती खरी क्षमता.

दोन एसएमपीएस लावणाऱ्यांनी एक नियम पाळावा. कार्ड आणि त्याचा रायझर एकाच एसएमपीएसवर हवेत, आणि दोन्ही एसएमपीएस जोडबोर्डाने एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. एका एसएमपीएसच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) वायरी दुसऱ्याला तर कधीच लावू नयेत. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंही प्रमाण नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिना बदलतात. बसलं म्हणजे जुळलं असं नाही. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्डडिस्क पहिल्या सेकंदाला जाते.

अँटमायनर एस९ (बिटकॉइन काढायचं तयार यंत्र) घेणाऱ्यांसाठी थोडक्यात : तीन हॅशबोर्डांना (मायनिंगच्या चिप असलेल्या बोर्डांना) तीन-तीन आणि कंट्रोल बोर्डाला एक, अशी दहा ६-पिन कनेक्टरं लागतात. एका हॅशबोर्डाची तिन्ही कनेक्टरं एकाच एसएमपीएसमधून हवीत. एक बोर्ड दिसत नसेल, तर आधी शेजारच्या बोर्डाशी वायरींची अदलाबदल करून पाहा.

घरच्या वायरिंगकडे तर कुणी बघतच नाही. हजार वॉटचा भार नव्वद टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसवर भिंतीतून ११०० वॉट घेतो, २३० व्होल्टला पावणेपाच अँपिअर. व्होल्टेज १८०वर उतरलं, की एसएमपीएस तेवढीच वीज मिळवण्यासाठी सहाच्या वर अँपिअर ओढतो. म्हणजे सहा अँपिअरचा साधा पॉइंट नेमका संध्याकाळी, व्होल्टेज पडल्यावर करपतो. रिगला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट हवा, मध्ये एक्स्टेंशन बोर्ड नको. फ्रेमला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेलं आहे. तेव्हा एसएमपीएसच्या फिल्टरमुळे फ्रेमवर भिंतीतल्या विजेच्या निम्मं व्होल्टेज चढतं. वायरमन बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज भारावर मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या पुढे नको. रिग ‘खट्’ आवाजासरशी रीस्टार्ट होत असेल, तर स्टॅबिलायझरच्या रिलेवर संशय घ्या. तो सरकताना वीज क्षणभर तुटते आणि पूर्ण भारावर एसएमपीएस जेमतेम काही मिलिसेकंद तग धरतो.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो लगेच उतरत नाही. फ्यूज उडालेला असेल, तर सहसा त्यामागचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट असतो. नवा फ्यूज टाकला की तोही फुटतो. शिवाय २०२२-२३ पासून आभासी चलनावरच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि मायनिंगची यंत्रं किंवा वीज यांचा खर्च त्यातून वजा होत नाही, त्यामुळे उगाच घेतलेला एसएमपीएस सगळा स्वतःच्या खिशातून.

जुने भाग विकणाऱ्यांना आपल्या पत्रातून एक विनंती : मॉड्युलर एसएमपीएस विकताना त्याच्या मूळ वायरी त्याच पिशवीत बांधून द्या, ढिगातल्या नको. आणि घेणाऱ्यांनी दुकानातच दोन कार्डांच्या भारावर अर्धा तास चालवून घ्यावा, मग बंद करून, प्लग काढून, प्रत्येक कनेक्टर बोटांत धरून पाहावं. जे तापून धरवत नाही, ती वायर तिथेच परत करावी.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे